जुन्या टीव्ही सिरियलची टर उडवायची तर

आमच्याकडे गणपतीत पोट्टे हस्तलिखित काढतात अन् दरवर्षी कोणी ना कोणी मले विचारते, भाऊ ते मॅड नावाच्या अमेरिकन विनोदी मासिकासारखं विडंबन कसं लिहायचं. तर आयका.

आधी सिरियल दोनदा पाहा, वही घेऊन. परत परत काय येते तेवढंच लिहून घ्या. ड्रॅगनेट नावाची अमेरिकन पोलिसी सिरियल होती, 1951 पासून टीव्हीवर, तिच्यात हवालदार एकदम सपाट आवाजात शहर, वार, तारीख, हवा, कोणती ड्युटी हे सगळं सांगते, अन् गंभीर जागी डम डा डम डम वाजते. मॅड 1952 ले सुरू झालं अन् पुढच्याच वर्षी त्याच्यात या सिरियलचं विडंबन आलं, हार्वी कर्ट्झमननं लिहिलं, बिल एल्डरनं चित्रं काढली, नाव ठेवलं ड्रॅग्ड नेट. नावातच अर्धं काम.

सांगाडा जसाच्या तसा ठेवायचा अन् आत आपलं गाव भरायचं. असं पाहा:

"हे गाव आहे. मंगळवार. ऊन मरणाचं. आम्ही मोटरपंप चोरीवर होतो."
"काकू, पंप कोणी नेला?"
"सगळ्याईले मालूम आहे."
"मंग सांगा ना."
"मी कायले सांगू, तो माह्या जावेचा भाऊ लागते."
डम डा डम डम.

हवालदारानं हसायचं नाही बरं, तो हसला की मेलं सगळं.

नटाच्या पोटावर, टकलावर जोक नका करू. मी पहिल्यांदा तेच केलं, सोळा पानं, अन् आई म्हणे हा कोण आहे बाप्पा? त्यापेक्षा सिरियल काय लपवून राहिली ते शोधा. हाउडी डूडी हा अमेरिकेतला पोरांचा कठपुतळीचा टीव्ही कार्यक्रम होता, मधे मधे जाहिराती. मॅडनं 1954 मधे त्याचं हाउडी डूइट केलं, त्यात कार्यक्रमाचा सूत्रधार एका पोराले विचारते मोठा होऊन काय बनशील, पोलीस का फायरमन, तर पोरगा म्हणते पोरकटपणा करू नका, पैसा कुठं आहे ते पाहावं लागते. कार्यक्रमाचं सगळं पितळ त्या एका पोराच्या तोंडून उघडं पडलं.

चित्रात मागं बारीकसारीक भरा, भिंतीवरची खताची जाहिरात, खाटेखाली लपवलेला तोच पंप. लोक दुसऱ्यांदा पाहतात तवा सापडते.

शेवट म्हणाल तर ड्रॅगनेटमधे शेवटी आरोपीले काय शिक्षा झाली ते सांगतात. आपण एवढंच लिहायचं, पुढची तारीख पडली.