जीएओमध्ये प्रोटेस्ट जिंकलात, पण खर्चाचे पैसे अडकले? या चुका टाळा

अमेरिकेच्या फेडरल सरकारचं कॉन्ट्रॅक्ट चुकीच्या पद्धतीने दुसऱ्याला गेलं म्हणून जीएओकडे (गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, अशा तक्रारींवर निर्णय देणारी सरकारी संस्था) प्रोटेस्ट, म्हणजे रीतसर तक्रार, टाकणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही असतात, व्हर्जिनिया, मेरीलँड, न्यू जर्सीकडे छोट्या आयटी कंपन्या चालवणारे किंवा अशा कंपन्यांत अकाउंट्स नाहीतर कॉन्ट्रॅक्ट्स सांभाळणारे. प्रोटेस्ट जिंकला की सगळे पेढे वाटतात, आणि वकिलाचं बिल आता कोण भरणार हा विषय निघतो तो नंतर कधीतरी, तोवर मुदत निम्मी संपलेली असते. हे पैसे हक्काचे आहेत हो, पण आपोआप खात्यात येत नाहीत, आणि छोट्या कंपनीला एवढी रक्कम सोडून देणं परवडतही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पैसे जीएओ देत नाही, ज्या एजन्सीने कॉन्ट्रॅक्ट दिलं ती देते. १९८४ च्या कॉम्पिटिशन इन कॉन्ट्रॅक्टिंग अॅक्टखाली जीएओ फक्त शिफारस करते की प्रोटेस्ट दाखल करण्याचा आणि चालवण्याचा वाजवी खर्च, वकिलाच्या फीसकट, या कंपनीला द्या. किती द्यायचे ते त्या शिफारशीत नसतं. आकडा तुम्ही मांडायचा, कागद तुम्ही दाखवायचे, आणि घासाघीस एजन्सीबरोबर करायची.

सगळ्यात जास्त लोक मुदतीत मार खातात, कारण मुदती दोन आहेत आणि पत्तेही दोन. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यात खर्चाची शिफारस असेल तर ती मिळाल्यापासून ६० दिवसांत क्लेम द्यायचा, आणि तो एजन्सीला द्यायचा, जीएओला नाही. पण निकालाच्या आधीच एजन्सीने नमतं घेऊन करेक्टिव्ह अॅक्शन, म्हणजे चूक स्वतःच सुधारण्याचं पाऊल, जाहीर केली आणि जीएओने केस बंद केली, तर मुळात शिफारसच झालेली नसते, ती मागावी लागते, आणि ती जीएओकडे, केस बंद झाल्याचं कळल्यापासून १५ दिवसांत. हे दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. ६० दिवसांची मुदत चुकली तर हक्क गेला, मग "वकील सुट्टीवर होते" वगैरे कुणी ऐकून घेत नाही. आणि नुसता एका ओळीचा ईमेल टाकून "डिटेल्स नंतर पाठवतो" म्हणणं हा त्यातलाच प्रकार, कारण क्लेम त्या ६० दिवसांतच तपशिलासकट आणि सर्टिफाय करून पोचायला लागतो, अर्धवट क्लेम मुदतीत दिला म्हणून वाचत नाही.

करेक्टिव्ह अॅक्शनचं थोडं अजून सांगतो, कारण बऱ्याच केसेस तिथेच संपतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात जीएओने गुणवत्तेवर निकाल दिलेल्यांपैकी १६ टक्के प्रोटेस्ट मान्य केले, पण करेक्टिव्ह अॅक्शन धरून काहीतरी दिलासा मिळालेल्या केसेस ५२ टक्के होत्या. आता लोकांना वाटतं की एजन्सीने माघार घेतली म्हणजे आपण जिंकलो, म्हणजे खर्च मिळणार. तसं नाही. प्रोटेस्ट स्पष्टपणे दमदार होता आणि तरी एजन्सीने विनाकारण उशीर लावला, या दोन्ही गोष्टी दिसाव्या लागतात. एजन्सीला प्रोटेस्टला उत्तर म्हणून आपला रिपोर्ट द्यायला साधारण ३० दिवस असतात, त्या तारखेच्या आत तिने माघार घेतली तर जीएओ सहसा ते वेळेवर झालं असंच धरते आणि खर्चाची शिफारस करत नाही. त्यामुळे रिपोर्टची तारीख आणि माघारीची तारीख शेजारी-शेजारी लिहून बघा, मगच वकिलाला अर्ज करायला सांगा, नाहीतर त्या अर्जाचंही बिल अंगावर पडतं.

आता टाइमशीट. इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय, कारण मुदत पाळूनही पैसे कापले जातात ते इथे. वकिलाबरोबरच तुमच्या स्वतःच्या लोकांनी प्रोटेस्टवर घालवलेला वेळही मागता येतो, त्यांचा प्रत्यक्ष पगाराचा दर, त्यावर वाजवी ओव्हरहेड (ऑफिसचा सामाईक खर्च) आणि फ्रिंज (विमा, रजा वगैरे सवलतींचा खर्च). नफा लावायचा नाही, लावलात तर तेवढा कापणारच. पण "प्रोटेस्टचं काम, ८ तास" अशी एंट्री कुणी मान्य करणार नाही. "आपल्या प्रपोजलच्या प्राइस व्हॉल्यूममधले लेबर रेट तपासून वकिलांना नोट दिली, २.५ तास" अशी हवी, त्याच दिवशी टाकलेली, नाव आणि तारखेसकट. आणि एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, प्रोटेक्टिव्ह ऑर्डर (गोपनीयतेचा आदेश) असेल तर एजन्सीचे सीलबंद कागद फक्त परवानगी मिळालेले वकील, सहसा बाहेरचे, आणि एक्स्पर्ट बघू शकतात, कंपनीच्या बाकी माणसांना फक्त रिडॅक्टेड, म्हणजे गोपनीय भाग झाकलेली, कॉपी मिळते. मग तुमच्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या टाइमशीटवर नुसतं "एजन्सी रिपोर्ट वाचला" असं असेल तर पैशाचं राहू द्या, ऑर्डर मोडली का हाच प्रश्न उभा राहतो. रिडॅक्टेड कॉपी वाचली असेल तर तसंच लिहा. वकिलांनाही पहिल्याच दिवशी सांगा की सात कामं एकत्र बांधून एकच आकडा लावू नका, कारण मुख्य विषयापासून अगदीच वेगळा असा एखादा मुद्दा हरलात तर तेवढा भाग वेगळा काढतात, आणि सगळं एका गठ्ठ्यात असेल तर काय काढायचं यावरून वाद लांबतो.

दराचंही बघून ठेवा. स्मॉल बिझनेस असाल तर वकिलाचा वाजवी दर मिळू शकतो, मोठ्या कंपनीला मात्र ताशी १५० डॉलरची मर्यादा आहे. समजा वकील ताशी ६०० घेतो आणि १०० तास लागले, तर बिल ६०,००० आणि मर्यादेत बसतात १५,०००. ही मर्यादा १९९४ च्या कायद्यातली आहे, तेव्हापासूनच्या महागाईप्रमाणे वाढवून मागता येते, पण मागावी लागते, हिशेब मांडून. एक्स्पर्ट किंवा कन्सल्टंटच्या फीलाही मोठ्या कंपन्यांसाठी वेगळी मर्यादा आहे.

अजून एक गल्लत म्हणजे प्रपोजल बनवायचा खर्च यातच घुसडणं. तो द्या अशी शिफारस जीएओ सहसा तेव्हाच करते जेव्हा काम जवळपास उरकलेलं असतं आणि तुम्हाला परत स्पर्धेत आणणं शक्य नसतं. शिफारशीत नेमके शब्द काय आहेत ते वाचा. बुडालेला नफा तर कुठल्याच परिस्थितीत मिळत नाही. आधी थेट एजन्सीकडे प्रोटेस्ट टाकला होता त्याचे तासही जीएओच्या क्लेममध्ये धरू नका.

अकाउंट्सवाल्यांसाठी खास: क्लेम कापला गेला म्हणून उरलेला खर्च इनडायरेक्ट पूलमध्ये, म्हणजे सगळ्या कॉन्ट्रॅक्ट्सवर वाटल्या जाणाऱ्या सामाईक खर्चात, ढकलू नका. सरकारच्या टेंडरविरुद्ध केलेल्या प्रोटेस्टचा खर्च एफएआरच्या (FAR, फेडरल सरकारी खरेदीची नियमावली) नियमांत अनअलाउएबल, म्हणजे सरकारकडून वसूल न करता येणारा, आहे, ऑडिटमध्ये तो बाहेर येतो आणि पेनल्टीची भीती असते. प्रोटेस्ट सुरू होतो त्याच दिवशी वेगळा चार्ज कोड उघडा, टाइमशीटचीही सोय होते.

जीएओऐवजी कोर्टात, म्हणजे कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सला, गेला असाल तर वरचं हे गणित तिथे लागू नाही. तिथे प्रपोजलचा खर्च मिळू शकतो, वकिलाची फी मात्र इक्वल अॅक्सेस टू जस्टिस अॅक्टमधून मागायची, आणि त्यासाठी कंपनीची नेट वर्थ ७० लाख डॉलरपेक्षा जास्त नको, माणसं ५०० च्या वर नकोत, शिवाय सरकारची बाजू पुरेशी सयुक्तिक असेल तर तेही नाही.

एजन्सीने आकडा खूप कमी केला किंवा नुसतीच टाळाटाळ चालवली तर रक्कम ठरवून द्या अशी विनंती जीएओकडे करता येते, आणि त्या पायरीचा खर्चही मागता येतो. एजन्सीबरोबर घासाघीस करण्यात गेलेले तास मात्र मिळत नाहीत. म्हणून क्लेम पाठवतानाच बिलं, पैसे दिल्याचे पुरावे, टाइमशीट आणि दर कसा काढला त्याचा तक्ता एकाच पॅकेजमध्ये लावा, म्हणजे पहिल्याच पत्राला "सपोर्टिंग डॉक्युमेंट्स पाठवा" असं उत्तर येणार नाही.