चावी खिशात, इंजिन चालूच

बोट धक्क्याला लागली, दोर बांधून झाले, चावी फिरवून खिशात टाकली आणि इंजिन आपलं खाली धडधडतंच आहे. माझ्यावर ही पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मी घाबरून बॅटरीचा मेन स्विच बंद केला. इंजिन थांबलं नाहीच, वर ऑल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळाले. इंजिन फिरत असताना बॅटरी तोडली की ऑल्टरनेटरची वीज जाणार कुठे? व्होल्टेज एकदम चढतं आणि डायोड बळी जातात. तेव्हा काहीही करा, त्या स्विचला हात लावू नका.

साध्या डिझेल इंजिनाला, म्हणजे ज्याचा पंप यांत्रिक आहे त्याला, एकदा सुरू झाल्यावर चालत राहायला ठिणगीची वीज लागत नाही. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. थांबवायचं तर डिझेल तोडायचं, नाहीतर हवा.

आधी गिअर न्यूट्रलला, थ्रॉटल (वेगाचा दांडा) पूर्ण खाली, आणि कान द्या. आवाज नेहमीच्या आयडलवर, म्हणजे मोकळं चालतानाच्या मंद वेगावर, स्थिर असेल तर घाईचं काही नाही, चहा घेऊन या म्हटलं तरी चालेल. पण थ्रॉटल खाली असूनही वेग आपोआप चढत असेल, धूर दाटत असेल, तर इंजिन बहुतेक स्वतःचंच ऑइल जाळतंय. टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) सील गेलेलं असतं, ऑइल खुणेच्या बरंच वर भरलेलं असतं, किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम (पातळ पडदा) फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. इथे डिझेलचा कॉक बंद करून उपयोग नाही. एअर इनटेकवर जाड फळी घट्ट दाबा, किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक इनटेकमध्ये सोडा. हात लावायचा नाही, फडकंही नाही. दोन्ही आत ओढली जातात. वेग हाताबाहेर गेला असेल तर तिथे थांबूच नका, इंजिनपासून लांब व्हा.

आता नेहमीचा प्रकार. सिलिंडरमध्ये डिझेल फवारायला लावणाऱ्या इंजेक्शन पंपावर, डिझेल तोडणारा एक छोटा स्टॉप लिव्हर असतो. बाह्या वर सारून, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवून तो हातानेच ओढा. इंजिन मेलं तर पंप ठणठणीत आहे, बिघाड लिव्हरच्या अलीकडे, तो ओढणाऱ्या यंत्रणेत. एका वर्कशॉपने माझा पंप खोलायलाच काढला होता. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी कुणी केलीच नव्हती.

ओढायची केबल असेल तर एकाने वर मूठ ओढायची, दुसऱ्याने खाली लिव्हरकडे बघायचं. तो शेवटपर्यंत जातो का? बहुतेकदा क्लॅम्पचा स्क्रू सैल झालेला असतो, म्हणजे आतल्या तारेऐवजी आख्खी केबलच सरकते. नाहीतर आवरणात खारं पाणी शिरून तार गंजलेली असते. तशी केबल तेल पाजून दोन दिवस चालते. बदला.

वीजेवरचा सोलेनॉइड (वीज मिळाली की आतला दांडा ओढणारी कॉइल) असेल तर तो कुठल्या जातीचा आहे हे आधी कळायला हवं, कारण दोन्हींचं वागणं उलटं असतं. पहिल्या जातीत वीज असेपर्यंत डिझेल चालू आणि वीज गेली की बंद. दुसरीत बटण दाबल्यावर वीज जाते आणि तेव्हा इंजिन थांबतं.

पहिल्या जातीत इंजिन चालू असताना चावी बंद करून सोलेनॉइडच्या टर्मिनलवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. शून्य दाखवत असेल आणि तरी इंजिन चालत असेल तर प्लंजर, म्हणजे तो दांडा, आत अडकलाय. काढून साफ करा, स्प्रिंग बघा. तिथे अजून बारा-चौदा व्होल्ट येत असतील तर वीज कुठून तरी शिरतेय. रिलेचे पॉइंट चिकटलेत, चावीचा स्विच आतून गेलाय, किंवा ऑल्टरनेटरच्या वॉर्निंग लाइटच्या वायरीतून उलटी वीज येतेय. हा शेवटचा प्रकार नवी वायरिंग केल्यावर हमखास सापडतो; त्या वायरीत योग्य दिशेने डायोड टाकला की प्रश्न मिटतो.

दुसऱ्या जातीत आधी तुमची सवय तपासा. काही पॅनेलवर स्टॉप बटणाला वीज चावीतूनच येते. चावी आधी बंद केली की बटण मेलं. चावी चालू ठेवून बटण दाबा, इंजिन थांबू द्या, मग चावी बंद. तरी थांबत नसेल तर कुणाला तरी बटण दाबायला सांगून मीटर बघा. व्होल्ट येत नाहीत तर फ्यूज, बटण, कनेक्टर. येतात पण ‘टक’ होत नाही, तर अर्थिंग. माझ्याकडे दोष तिथेच निघाला: बोल्टाखालची रिंग वरून चकचकीत होती, उलटी केली तर हिरवा थर. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, टक. बटण मात्र फार वेळ दाबून धरू नका, कॉइल तापून जळते.

पेट्रोल इंजिनाचं दुखणं निराळं. मॅग्नेटोवाल्या (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या) आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनात, किल स्विच (बंद करायचा स्विच) ठिणगी अर्थला उतरवतो, म्हणून त्या स्विचची वायर तुटली की इंजिन थांबतच नाही. तेवढ्यापुरता चोक (हवा अडवणारी झडप) ओढून बंद करा. आणि चावी बंद केल्यावर दोन-चार आचके देऊन मरत असेल तर आत साठलेला तापलेला कार्बन पेट्रोल पेटवतोय. आयडल कमी करा, बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं मंद चालू द्या, कार्बन साफ करून घ्या.

लिव्हर हाताला लागलाच नाही म्हणून डिझेलचा कॉक बंद करून इंजिन थांबवलं असेल (थांबायला काही मिनिटं लागतात), तर लाइनमध्ये हवा शिरलेली असणार, एअर काढावी लागेल. त्या वेळी स्टार्टर पुन्हा पुन्हा मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. इंजिन पेटत नसेल तर थंडाव्याचं पाणी एक्झॉस्टबाहेर फेकलं जात नाही, साठत जातं आणि मागे फिरून सिलिंडरमध्ये उतरतं. पेटल्या पेटल्या तो कॉक उघडायचा. काम अर्धवट सोडून जावं लागलं तर मी चावी त्या कॉकलाच अडकवून ठेवतो.