पहिलं आरसी विमान घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात आरसी, म्हणजे रिमोटने उडणाऱ्या, विमानाचा नाद लागलेली पोरं सल्ला विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलमध्ये स्पिटफायर नाहीतर एफ-१६ चा फोटो असतो. मॉडेल देखणं असतं, पण पहिल्यासाठी अगदी चुकीचं. लढाऊ विमानाच्या मॉडेलला हवेत टिकायला वेग लागतो. वेग कमी झाला की ते अचानक एका पंखावर कलंडतं, आणि नवशिक्याच्या हाताला काही कळायच्या आत जमिनीवर येतं.

पहिलं विमान हळू उडणारं हवं. पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकाकडे किंचित उचललेले असले, की रिमोटची स्टिक सोडल्यावर ते स्वतःच सरळ व्हायला बघतं. पंखाची लांबी एक ते सव्वा मीटर असावी. त्याहून फार लहान विमान वाऱ्याच्या झुळकेबरोबर हेलकावतं आणि लांब गेलं की नीट दिसतही नाही. ईपीओ किंवा ईपीपी प्रकारच्या फोमचं घ्या. मोटर पंखाच्या मागे असेल तर आणखी चांगलं, कारण नाकावर पडलं तरी पंखा (प्रोपेलर) आणि मोटर वाचते. रिमोट घेताना मात्र ज्याच्याकडून शिकणार आहात त्याचा मोड आधी विचारा. आपल्याकडे बहुतेकजण मोड २ वापरतात, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) डाव्या हाताला. मोड वेगळा निघाला तर ऐनवेळी तो तुमचा रिमोट हातात घेऊन विमान वाचवू शकत नाही.

घरातून निघण्याआधीच ठरलेला क्रॅश

सगळ्यात जास्त विमानं पडतात ती सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) न तपासल्यामुळे. हे काम दोन मिनिटांचं आहे, तरी लोक टाळतात. पंखाची पुढची कड ते मागची कड हे अंतर मोजा. साध्या सरळ पंखाच्या ट्रेनरचा (शिकायच्या विमानाचा) तोल त्याच्या २५ ते ३० टक्क्यांवर यायला हवा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर पंखाखाली दोन्ही बाजूंना पेनने खूण करा. कंपनीने पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. आता बॅटरी आत बसवून, सगळं बंद करून, दोन्ही खुणांवर एकेक बोट ठेवून विमान उचला. ते सपाट राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर उडवूच नका. बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्याने भागलं नाही तर नाकात वजन घाला. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण हातात राहतं. शेपूट जड असलेलं विमान सोडल्यासोबत नाक वर करतं, थांबतं आणि कोसळतं.

दुसरी तपासणी कंट्रोलची. विमानाच्या मागे उभे राहा. उजवीकडे स्टिक दिली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर आणि डावा खाली जायला हवा. रडरचं (शेपटीच्या उभ्या पट्टीने वळणारं) विमान असेल तर रडर उजवीकडे. एलेव्हेटरची (शेपटीच्या आडव्या पट्टीची) स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्र) असेल तर तो चालू करून विमान हाताने उजवीकडे कलवा: आता उजवा एलेरॉन खाली यायला हवा, म्हणजे जायरो पंख सरळ करायला बघतोय. उलटं होत असेल तर हा जायरो तुमचं विमान स्वतःच पाडेल. हे सगळं घरात करताना पंखा काढून ठेवा. बोटं कापली जातात, मी हे गांभीर्याने सांगतोय.

जागा

उजळाईवाडीचा विमानतळ शहराला अगदी लागून आहे, ही गोष्ट विसरू नका. ड्रोन नियम २०२१ रिमोटच्या विमानालाही लागू होतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायचं नाही. म्हणजे विद्यापीठाचं मोकळं माळरान कितीही मोहात पाडत असलं तरी ते बाद. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघून जागा ठरवा आणि नोंदणीचे नियमही वाचून घ्या. रंकाळ्याकाठी तर अजिबात नको: माणसं, पाणी, झाडं, तारा सगळंच आहे.

पन्हाळा रस्त्याने पश्चिमेकडे गेलं की विमानतळापासूनचं अंतर वाढत जातं. तिकडे ओळखीच्या शेतकऱ्याचं मोकळं रान मिळालं तर सोनं. पावसाळ्यात सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या सरावावर) हात बसवा आणि दसऱ्यानंतर सकाळी लवकर मैदानात उतरा. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि हलकं फोमचं विमान उचलून आपटते.

हवेत गेल्यावर

फेकताना वर नाही, समोर फेका. पंख सपाट, तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल पाऊण ते पूर्ण. मग ३०-४० मीटर उंची घ्या, म्हणजे साधारण दहा-बारा मजले. नवशिका भीतीने विमान खाली ठेवतो. खाली चूक सुधारायला वेळच उरत नाही.

विमान तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. इथे जवळजवळ प्रत्येकजण फसतो. उपाय सोपा आहे: तुमच्याकडे येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली दिसतोय, त्याच बाजूला स्टिक द्या, पंख वर येतो. सिम्युलेटरवर हे एवढं घोटा की विचार करायला लागू नये. आणि वळताना स्टिक धरून ठेवू नका. विमान कललं की स्टिक मधे आणा, एलेव्हेटर जरासा ओढा. विमान नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. वाऱ्याबरोबर लांब गेलं तर परत आणताना बॅटरी संपते.

आता पडणारच असं दिसलं, तर आधी थ्रॉटल शून्य करा. थांबलेला पंखा आपटला तर पंखाच तुटतो. फिरता आपटला तर मोटर आणि ईएससीसुद्धा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जातो.

बॅटरी

लिपो बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. सेल ३.६ च्या आसपास आला की उतरवा, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरनेच, बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), डोळ्यांसमोर चार्ज करा. फुगलेली किंवा क्रॅशमध्ये चेपलेली बॅटरी घरात आणू नका.

हमखास येणाऱ्या अडचणी

मोटर फक्त बीप करते, फिरत नाही: बहुतेकदा थ्रॉटल किंवा त्याचं ट्रिम (बारीक जुळवणीचं बटण) शून्यावर नसतं. मोटर उलटी फिरते: तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. मोटर जोरात फिरते पण ओढ नाही: पंखा उलटा बसलाय. त्यावरचे आकडे विमान ज्या दिशेने जातं त्या दिशेला दिसायला हवेत. तुटलेला ईपीओ फोम फेव्हिक्विकने जुळतो, पण थर्माकोल त्याने विरघळतो. तिथे फोमसाठीचाच गोंद वापरा.

आणि ऊस. विमान फडात पडलं तर धावू नका. थ्रॉटल शून्य करा आणि पडलं त्या रेषेत पलीकडचं एखादं झाड हेरून ठेवा. जोडीदाराला त्याच जागी उभं करून रिमोट त्याच्या हातात द्या. शेतमालकाला विचारून, सरीतून आत जा. जोडीदार एलेरॉन हलवत राहिला की सर्व्होची (ते हलवणाऱ्या छोट्या मोटरची) किरकिर ऐकू येते. पंखाखाली फोन नंबर आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी सापडलं नाही, तरी तोडणीच्या वेळी फोन येऊ शकतो.