नेटवर्कवरून ओएस टाकताना मशीन मध्येच क्रॅश होतंय? आधी हे बघा

देवगडकडच्या एका शाळेत १२ जुन्या पीसींवर डेबियन ही लिनक्स ओएस टाकायची होती, पेनड्राइव्ह घेऊन एकेकासमोर बसण्यापेक्षा पीएक्सईने, म्हणजे मशीन थेट नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून बूट करून, एकदम टाकू म्हटलं. नऊ झाले, तीन अडकले आणि त्या तिघांनी दोन दिवस खाल्ले. तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे लगेच काही बदलू नका. त्याच मशीनवर इन्स्टॉल तीनदा चालवा आणि दरवेळी कुठे थांबतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दरवेळी एकाच जागी मरत असेल तर दोष बहुतेक सेटिंगचा नाहीतर फाइलचा, आणि एकदा १० टक्क्यांवर, एकदा ६० वर, एकदा चालूच होत नाही असं असेल तर रॅम, केबल नाहीतर लाइट. हे ठरलं की निम्मं काम झालं.

इन्स्टॉलर सुरूच होत नसेल तर स्क्रीनवरचा कोड वाचा. ई५१ म्हणजे डीएचसीपीकडून (मशीनना नेटवर्कचा पत्ता वाटणारी सेवा) पत्ताच मिळाला नाही, ई५३ म्हणजे बूट फाइलचं नाव आलं नाही, ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हर (बूट फाइल पाठवणारा) उत्तर देत नाही, तिथे फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६९ बघा. ई५३ च्या मागे बऱ्याचदा नेटचा राउटर असतो, तो पत्ते वाटतो पण बूट फाइलचं त्याला काही माहीत नसतं, अशा वेळी सर्व्हरवर डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये चालवायचा, म्हणजे पत्ता राउटर देईल आणि बूट फाइल आपण. आणि पीएक्सईलिनक्स या बूटलोडरची पीएक्सईलिनक्स डॉट झिरो ही फाइल जुन्या बायोससाठी असते, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनला ईएफआय फाइलच लागते.

कर्नल (ओएसचा गाभा) लोड होऊन पॅनिक येत असेल, म्हणजे एरर देऊन तो तिथेच थांबत असेल, 'अनेबल टू माउंट रूट एफएस' वगैरे, तर इनिटआरडी (कर्नलसोबत लोड होणारी सुरुवातीची फाइल) नीट मिळतेय का आणि ती त्याच कर्नलची आहे का बघा, ती मिळाली नाही किंवा खराब आली की बऱ्याचदा असं होतं. डेबियनमध्ये 'कर्नल मॉड्यूल्स सापडले नाहीत' असं आलं तर नेटबूटच्या फाइल जुन्या झाल्यात, नव्या उतरवा आणि शा२५६ (फाइल बिनचूक उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून घ्या. उबंटू सर्व्हर टाकत असाल तर रॅम मोजा, त्याचा लाइव्ह इन्स्टॉलर नेटवरून बूट करताना अख्खी आयएसओ (इन्स्टॉलची पूर्ण फाइल) रॅममध्ये उतरवतो, २ जीबीवाल्या मशीनला ते झेपत नाही. स्क्रीन नुसती काळी होत असेल तर बूट लाइनमध्ये (कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांची ओळ) नोमोडसेट घाला, आणि क्वाएट शब्द काढा म्हणजे काय चाललंय ते दिसतं. डेबियनचा इन्स्टॉलर मध्येच अडकला तर ऑल्ट आणि एफ४ दाबा, लॉग समोर येतो.

आता आपल्या किनाऱ्याचं खरं दुखणं. आमची तीन मशीनं दरवेळी वेगळ्याच जागी मरत होती. एकाची केबल काढून उजेडात धरली तर प्लगच्या आठही पिनांवर हिरवट थर, खाऱ्या हवेनं चढलेला. ते टोक कापून नवीन प्लग क्रिंप केला आणि इन्स्टॉल पहिल्या फटक्यात झालं. बाकी दोघांची रॅम काढली, सोनेरी पट्ट्या काळसर पडलेल्या, साध्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, परत बसवल्या. एक सुटलं. दुसऱ्याची रॅम चांगल्या मशीनमध्ये घालून बघितली तर ते चांगलं मशीनही पडायला लागलं, म्हणजे रॅमच गेलेली. हा अदलाबदलीचा प्रयोग आधी करा, मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर लावा, एक जरी एरर आली तरी ती रॅम वापरू नका.

पावसात व्होल्टेज खाली-वर होतं, तेव्हा सर्व्हर आणि स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जोडायचा डबा) दोन्ही यूपीएसवर ठेवा. नुसता सर्व्हर ठेवून भागत नाही, लाइट लुकलुकली की स्विच रीस्टार्ट होतो आणि चालू असलेली सगळी डाउनलोड्स तुटतात.

आणि इन्स्टॉल पूर्ण झालं की बूट ऑर्डर लगेच हार्ड डिस्कवर आणा, नाहीतर रीस्टार्ट झालेलं मशीन परत नेटवरून बूट होऊन इन्स्टॉलरच उघडतं, आणि इन्स्टॉल ऑटोमॅटिक लावलेलं असेल तर आत्ताच टाकलेली ओएस पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.