पायथनमध्ये शब्दाचा शेवट तपासताना

गावांच्या यादीतून ‘पूर’, ‘गाव’ किंवा ‘वाडी’ने संपणारी नावं काढायची असतील, तर लगेच रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची चिन्हांची भाषा) काढू नका. एंड्सविथ (मजकूर कशाने संपतो ते तपासणारं फंक्शन) पुरतं. (फंक्शनांची नावं एडिटरमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.) तिन्ही शेवट एकदम तपासायला टपल (गोल कंसातली यादी) द्या:

नाव.एंड्सविथ(('पूर', 'गाव', 'वाडी'))

आतला कंस राहिला किंवा टपलऐवजी लिस्ट (चौकोनी कंसातली यादी) दिली, की टाइपएरर (चुकीच्या प्रकारची माहिती दिल्याची एरर).

एरर न येता उत्तर चुकतं ते जास्त त्रासाचं. फाइल ओळीओळीने वाचली की प्रत्येक ओळीच्या टोकाला न्यूलाइन (ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह) असते, त्यामुळे ‘सोलापूर’लाही फॉल्स, म्हणजे ‘नाही’, मिळतं. आधी स्ट्रिप करा. मागे राहिलेली स्पेसही त्यातच जाते.

‘पूर’ काढून टाकायला आरस्ट्रिप वापरू नका. त्याला 'पूर' हा शब्द दिसत नाही. प, ू, र ही सुटी चिन्हं दिसतात आणि शेवटाकडून ती सापडतील तोवर तो खात सुटतो. ‘नागपूर’चं ‘नाग’ बरोबर येतं, म्हणून चूक लपते. ‘पंढरपूर’चं मात्र ‘पंढ’ होतं! पायथन ३.९ पासून रिमूव्हसफिक्स आहे, ते ‘पंढर’ देतं. त्याला टपल चालत नाही.

रेजेक्स लागतं ते ‘पुर’ आणि ‘पूर’ दोन्ही लिहिलेले असतात तेव्हा: 'प[ुू]र$'. चौकोनी कंस म्हणजे आतलं कुठलंही एक चिन्ह, $ म्हणजे शेवट. हा पॅटर्न मजकुरात कुठेही शोधणाऱ्या सर्चला द्या. मॅच सुरुवातीपासून जुळवतो, त्यामुळे हाती नन (काही सापडलं नाही) येतं. $ शेवटच्या न्यूलाइनच्या आधीही जुळतो. अगदी टोकच हवं असेल तर $ च्या जागी बॅकस्लॅश आणि कॅपिटल झेड, आणि पॅटर्न रॉ स्ट्रिंगमध्ये (अवतरणाआधी r, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो).

मराठीत खरी गोची मात्रांची. प्रत्येक मात्रा हा वेगळा कोडपॉइंट (युनिकोडमधला एका चिन्हाचा क्रमांक), म्हणून ‘सावंतवाडी’ 'ड'ने संपत नाही, 'ी'ने संपते. त्यात रे या रेजेक्सच्या मॉड्यूलचा बॅकस्लॅश-डब्ल्यू (‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ अशी खूण) मात्रांना अक्षर मानतच नाही. शेवटचा शब्द पकडायला त्याच्यापुढे +$ लावलंत, तर ‘सोलापूर’मधून नुसता ‘र’ निघतो आणि ‘सावंतवाडी’तून काहीच नाही. त्याऐवजी देवनागरीची रेंज द्या: '[ऀ-ॿ]+$'. या रेंजमध्ये दंड आणि देवनागरी आकडेही येतात, तेवढं ध्यानात असू द्या.