हायड्रेंजियाला फुलं येत नाहीत? आधी कात्री खाली ठेवा

पुण्यात पावसाळा सरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करायची, ही सवय हातात इतकी मुरलेली की शिकागोत आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात मी हायड्रेंजियाही गुडघ्याइतका कापून टाकला. पुढच्या जुलैत झुडूप हिरवंगार, पण फूल औषधालाही नाही.

तो होता मॅक्रोफिला, म्हणजे रुंद पानांचा, चेंडूसारखे गुच्छ येणारा. त्याच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा संपता संपताच जुन्या काड्यांवर धरतात. मी काड्यांबरोबर त्याही कापल्या. आणि कापल्या नाहीत तरी आमच्याकडच्या थंडीत, नाहीतर एप्रिलच्या उशिरा पडणाऱ्या हिमकणांत, त्या बऱ्याचदा जळतात.

जागा कमी आणि हिवाळा कडक असेल तर पॅनिक्युलाटाच घ्या, म्हणजे शंकूसारखे गुच्छ येणारा हायड्रेंजिया. त्यातला ‘लिटल लाइम’ हा वाण 3 ते 5 फुटांवर थांबतो, ‘बोबो’ 3 फुटांच्या आसपास. दोन्ही झोन 3 ची (अमेरिकेच्या थंडीच्या नकाशातल्या अतिथंड पट्ट्याची) थंडी काढतात आणि फुलतात नव्या फुटीवर, त्यामुळे मार्चमध्ये एक तृतीयांश उंची बिनधास्त कमी करा. इलिनॉयमधल्याच ॲना गावाजवळ सापडलेली ‘ॲनाबेल’ ही हायड्रेंजियाची आणखी एक जातही नव्या फुटीवरच फुलते. तेव्हा रोपावरची नर्सरीची नावाची पट्टी फेकू नका. छाटणी कधी करायची हे त्या नावावरूनच कळतं.

दुसरी चूक सावलीची. ‘हायड्रेंजिया म्हणजे सावली’ हे पॅनिक्युलाटाला लागू नाही. त्याला निदान 5-6 तास ऊन हवं. नाहीतर काड्या लांबुळक्या होऊन वाकतात आणि फुलं विरळ येतात. शेजारच्या लॉनला टाकलेलं नायट्रोजनचं खत वाहत मुळाशी आलं, तरी पानंच माजतात.

दुपारी पानं माना टाकतात, आणि आपण लगेच नळी घेऊन धावतो. थांबा. संध्याकाळी पानं सावरली तर तो फक्त उन्हाचा त्रास होता. सकाळीही मरगळलेली दिसली, तर बोटभर खोल माती तपासा आणि कोरडी असेल तरच भरपूर पाणी द्या. आमची चिकणमाती पाणी धरून ठेवते, रोजच्या शिंपणानं मुळं कुजतात.

राहिला निळा रंग. तो मॅक्रोफिलाचा खेळ: आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम मिळालं तर निळा, नाहीतर गुलाबी. इथली माती अल्कधर्मी, आणि पॅनिक्युलाटा तर कशानेच निळा होत नाही. तेव्हा निळ्या रंगाच्या आशेने मुळाशी घालायचा कॉफीचा चोथा सरळ कंपोस्टमध्ये टाका.