जुन्या खांबावर नवी डिश बसवताना

परसातला जुना खांब पक्का असेल तर नवा रोवायची गरज नाही. पण डिश चढवण्याआधी तो ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, आहे का, हे तपासाच. स्पिरिट लेव्हल खांबाला एकदा समोरून आणि एकदा बाजूने लावा. एकाच बाजूने पाहून भागत नाही. खांब किंचित जरी कलला असेल तरी डिशच्या मागच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात, आणि मग तासभर डिश फिरवूनही सिग्नल सापडत नाही. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. इथला एक अंश तिथे सहाशे किलोमीटरहून जास्त भरतो!

खांब हाताने जोरात हलवून पाहा. बुंध्याशी डुलत असेल तर आधी काँक्रीट.

नव्या डिशचा क्लॅम्प खांबापेक्षा सैल असेल तर मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळा. लाकडाची चीप किंवा रबर नको, ते दबतं आणि वाऱ्याने डिश हळूहळू फिरते.

आधी मागच्या पट्टीवर उंचीचा कोन, म्हणजे डिश आकाशाकडे किती वर बघते तो, लावा, मग डिश आडवी अगदी सावकाश फिरवा. रिसीव्हरला सिग्नल पकडायला काही क्षण लागतात, म्हणून प्रत्येक सरकवणीनंतर थांबा. नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर जुळलेली दिशा निसटते. केबल जोडाच्या खाली सैल वळसा घालून न्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकून जाईल.